शेजारचे संघर्ष आणि त्यांचं अर्थकारण: विश्लेषक व्हायचं तर पुण्यात सुरुवात कुठून?

अनघड (धागाकर्ती)

टीवायबीए अर्थशास्त्र संपत आलंय. भारताच्या शेजारचे संघर्ष आणि त्यांचे आर्थिक परिणाम यावर काम करायचं आहे. म्यानमार, बांगलादेश, श्रीलंका, जमलं तर पश्चिम आशिया. टीव्हीवरच्या चौकटीत बसून ओरडायचं नाहीये, अहवाल लिहायचे आहेत. जाणकारांना चार प्रश्न:

१. एमए अर्थशास्त्रात, राज्यशास्त्रात की संरक्षणशास्त्रात?
२. भाषा कोणती शिकावी?
३. दिल्लीला न जाता पुण्यात राहून यात पोट भरतं का?
४. इंटर्नशिपच्या अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात. तो कसा असावा? कॉलेजचा प्रोजेक्ट चालतो का?

"यूपीएससी कर" असं कृपया कुणी लिहू नका. ते घरी रोज ऐकते.

---

भांडारकर रोड

पहिला प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि लोक त्याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतात. अर्थशास्त्र घ्या.

रोहिंग्या प्रश्नाचा इतिहास, श्रीलंकेतलं यादवी युद्ध, बलुच संघटनांची फाटाफूट हे सगळं चांगली वाचनयादी हाताशी असेल तर घरी बसून शिकता येतं. इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र) मात्र परीक्षेचा धाक नसताना एकट्याने शिकणारे फार थोडे. जे एकट्याने होत नाही त्यासाठी फी भरावी.

शिवाय दारांचा हिशेब बघा. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा आणि रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी मधली आर्थिक व धोरण संशोधन विभागाची भरती, दोन्हीकडे अर्थशास्त्राची किंवा त्याच्या लगतच्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. संरक्षणशास्त्राच्या एमएवर तिथे अर्जच करता येत नाही. उलट अर्थशास्त्रवाल्याला संरक्षणविषयक थिंक टँक दारातून परत पाठवत नाहीत. (आर्थिक सेवेची परीक्षाही यूपीएससीच घेते. घरी तेवढंच सांगा, वर्षभर शांतता मिळेल.)

पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आहे, सिम्बायोसिसची अर्थशास्त्राची आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाची अशी दोन वेगळी स्कूल्स आहेत. खासगी आणि सरकारी-अनुदानित यांच्या फीमधलं अंतर इतकं आहे की त्या फरकात दोन वर्षं बिनपगारी इंटर्नशिप करता येईल. कुठेही गेलात तरी ऐच्छिक विषयांत आंतरराष्ट्रीय व्यापार, इकॉनोमेट्रिक्सचा दुसरा पेपर आणि गेम थिअरी सोडू नका. विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात जाहीर व्याख्यानं होतात, त्यांवर नजर ठेवा. बंडखोरी, सीमा व्यवस्थापन, अण्वस्त्र प्रतिरोध यांची परिभाषा तिथे कानावर पडते.

प्राध्यापकीचा विचार असेल तर नेटसाठी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि संरक्षण व सामरिकशास्त्र हे वेगवेगळे विषय आहेत. जेआरएफची (नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीची) रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पुष्कळ संस्थांच्या नवख्या संशोधन सहायकाला एवढेही मिळत नाहीत. त्यामुळे कुठे नोकरी करायची ठरलेली नसली तरी जेआरएफ खिशात असावी.

---

लिपीकार

फक्त भाषेबद्दल लिहितो.

मराठी माणसाकडे इथे आयतं भांडवल आहे, ते आधी वापरा. नेपाळी देवनागरीतच आहे. उर्दू कानाला कळतेच, नस्तालीक लिपी तेवढी बसवायची. बांगला लिपी आठवडाभरात ओळखीची होते आणि तत्सम शब्दांमुळे वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान दोन-तीन महिन्यांत अडखळत का होईना वाचता येतं. ढाक्यातली तयार कपड्यांच्या कारखान्यांमधली पगारवाढीची भांडणं बांगला वर्तमानपत्रांत जेवढ्या तपशिलात येतात तेवढी इंग्रजीत येत नाहीत.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी चांगलं शिकवतात. पण तुमच्या कामाला त्यातली रशियन सोडली तर बाकीच्या शोभेपुरत्या. बर्मी, सिंहली, पश्तो, तिबेटी या भाषांसाठी संरक्षण मंत्रालयाचं स्कूल ऑफ फॉरिन लँग्वेजेस आहे, ते दिल्लीत.

बर्मीत बोलता आलं नाही तरी आकडे आणि मापं शिका. तिथेही लाखासाठी स्वतंत्र शब्द आहे, 'थेइन', आणि बाजारात भाव लाखांत बोलतात. वजन 'व्हिस'मध्ये, एक व्हिस म्हणजे साधारण १.६३ किलो. यंत्राने केलेल्या भाषांतरात वाक्य बरं उतरतं आणि माप नेमकं घसरतं. मग अहवालात भाव दीडपट होऊन बसतो.

---

भुसार

चौथा प्रश्न खरा प्रश्न आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट पाठवू नका. तो चाळीस पानांचा असतो, त्यातली पहिली बारा पानं संकल्पना समजावण्यात जातात आणि निष्कर्ष म्हणून "सरकारने लक्ष घालावे" असं असतं. निवड करणाऱ्याकडे दहा मिनिटं असतात. दोन पानं लिहा: एक प्रदेश, एक वस्तू आणि तारीख असलेला एक प्रश्न.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. प्रश्न असा: म्यानमारमधल्या लढाईमुळे येत्या मार्चअखेर भारतात येणारा उडीद महागेल का?

बहुतेक जण इथे लढाईचा नकाशा काढतात. १ फेब्रुवारी २०२१ चं लष्करी बंड, २७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर शानमध्ये तीन सशस्त्र गटांनी सुरू केलेली मोहीम, राखाइनमध्ये अराकान आर्मी या बंडखोर गटाची सरशी. हे सगळं बरोबर आहे, पण उडीद तिथे पिकत नाही. तो मुख्यतः बागो आणि इरावदीच्या खालच्या भागात पिकतो. भात निघाला की जमिनीतल्या ओलीवर पेरतात, फेब्रुवारी-मार्चला काढणी आणि यांगून बंदरातून चेन्नई-मुंबईकडे रवाना. लढाईचे ठिपके आणि उडदाचा पट्टा एकावर एक ठेवून पाहा, फारसे जुळत नाहीत. तुरीचं उलट आहे. ती मधल्या कोरड्या पट्ट्यात, सगाइंग, मगवे, मंडालेकडे होते आणि सगाइंग हा लष्करविरोधी प्रतिकाराचा बालेकिल्ला. म्हणजे "म्यानमारची कडधान्यं" असं एकच गाठोडं बांधलं की विश्लेषण पहिल्याच पानावर फसलं.

मग उडदाला झळ पोचते कुठून? चलनातून. म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये एका डॉलरला २,१०० क्यात असा सरकारी दर ठरवला. बाजारातला दर पुढे त्याच्या दुपटीच्या आसपास गेला. निर्यातदाराला मिळालेल्या डॉलरपैकी काही हिस्सा सरकारी दराने मोडावा लागतो आणि तो हिस्सा किती, हे सरकार बदलत राहतं. हिशेब करून बघा. समजा टनाला ८०० डॉलर आले, २५ टक्के सरकारी दराने मोडायचे आणि बाजारात ४,४०० चा दर आहे. २०० डॉलरचे ४.२ लाख क्यात, उरलेल्या ६०० डॉलरचे २६.४ लाख, एकूण ३०.६ लाख. सगळे बाजारदराने मोडता आले असते तर ३५.२ लाख मिळाले असते. फरक सुमारे १३ टक्के. कोणत्याही पावतीवर न दिसणारा हा निर्यातकर आहे. तो वाढला की व्यापारी माल गोदामात दाबून ठेवतो, कमी भावाचं बिल करतो किंवा सीमेवरून चोरवाटेने काढतो. तोफांपेक्षा याची झळ चेन्नईला आधी लागते. हा एक परिच्छेद तुमच्या नमुन्यात असेल तर वाचणारा थांबून पुन्हा वाचेल.

आता आपल्याकडची बाजू. भारताने १५ मे २०२१ ला उडीद आणि तूर 'निर्बंधित' यादीतून 'मुक्त' यादीत टाकली आणि मुदत पुढे वाढवत नेली. त्याच वर्षी म्यानमारशी करार झाला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, २०२१-२२ ते २०२५-२६. शिवाय अलीकडे ब्राझीलचा उडीदही येऊ लागलाय. त्यामुळे यांगूनला अडथळा आला तरी भाव किती चढेल याला वरून मर्यादा पडते. खरिपात मध्य प्रदेश-महाराष्ट्रात पाऊस कसा झाला याचा परिणाम लढाईपेक्षा मोठा असू शकतो. तसं असेल तर तसं लिहा. विषय संघर्षाचा आहे म्हणून उत्तरही संघर्षच असायला हवं, असं कुठे ठरलंय?

आकडे कुठून आणायचे: महिन्याची देशवार आयात वाणिज्य मंत्रालयाच्या एक्स्पोर्ट इम्पोर्ट डेटा बँकेवर मिळते. यूएन कॉमट्रेड (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार आकड्यांचा साठा) वापराल तर मालाच्या सहा अंकी कोड ०७१३३१ मध्ये उडीद आणि मूग एकत्र आहेत हे लक्षात ठेवा. भारताच्या आठ अंकी कोडवर गेल्याशिवाय ते सुटे होत नाहीत. तुरीचा सहा अंकी कोड ०७१३६० वेगळा आहे, तिथे ही अडचण नाही. भावासाठी चेन्नई पोच (माल बंदरात पोचेपर्यंतचा) डॉलर भाव बघा. उडदात 'एफएक्यू' आणि 'एसक्यू' अशा दोन प्रती (दर्जे) असतात, एसक्यू वरची. एका महिन्यात एकीचा आणि पुढच्या महिन्यात दुसरीचा भाव उचलला तर नसलेली तेजी दिसते. तुरीत 'लेमन' म्हणजे बर्मा तूर. डॉलरला ८५ रुपये धरले तर ८०० डॉलर टन म्हणजे क्विंटलला ६,८००, बंदराचा खर्च वेगळा. हा आकडा अ‍ॅगमार्कनेट या बाजारसमित्यांचे भाव देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरच्या देशी उडदाशेजारी मांडा.

आणि एकदा गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात जाऊन आडत्याला बर्मा उडदाचा भाव विचारा. सकाळी अकराच्या गर्दीत विचारू नका, दुपारी माल हलून गेल्यावर माणूस बोलतो.

लिहिताना पहिल्या ओळीत उत्तर. "मार्चअखेर चेन्नई पोच एफएक्यू डिसेंबरअखेरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर असण्याची शक्यता ३० टक्के." मग तीन कारणं, सगळ्यात वजनदार आधी. मग कोणती खूण दिसली तर अंदाज बदलेल ते: डॉलर मोडण्याचा सक्तीचा हिस्सा वाढला, यांगूनमध्ये निर्यात परवाने अडले, बागोकडून यांगूनला येणारा रस्ता बंद झाला, दिल्लीने आयात धोरणाची अधिसूचना काढली. पार्श्वभूमी शेवटी, तीही सहा ओळींत.

---

नकाशेवाला

भुसारांनी व्यापाराचे आकडे सांगितले, हिंसेच्या आकड्यांबद्दल राहिलं. तिथे घोळ जास्त होतो.

संघर्षातल्या घटनांच्या नोंदींचे दोन मुख्य साठे आहेत. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा यूसीडीपी आणि अ‍ॅक्लेड. यूसीडीपीच्या व्याख्येत एका कॅलेंडर वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तरच सशस्त्र संघर्ष धरतात, १,००० झाले तर युद्ध. त्यांच्या घटनासूचीत जीवितहानी झालेल्याच घटना येतात. अ‍ॅक्लेडमध्ये मोर्चे, दंगली आणि मृत्यू न झालेले हल्लेही असतात. एकाचा आलेख २०२० पर्यंत आणि पुढे दुसऱ्याचा जोडला की हिंसा एका रात्रीत कित्येक पटींनी वाढल्यासारखी दिसते. असं जोडकाम छापून आलेलंही दिसतं.

अ‍ॅक्लेडचं दुसरं असं की भारताची नोंद २०१६ पासून आहे, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, म्यानमारची २०१० पासून. संपूर्ण दक्षिण आशियाची बेरीज घेतली तर २०१६ ला पायरी दिसणारच. ती पायरी नोंदीची आहे, रस्त्यावरची नाही. घटना मोजाव्यात, मृत्यूंचे आकडे जपून वापरावेत, कारण दुर्गम भागातले आकडे लढणाऱ्या पक्षांच्याच पत्रकांतून येतात. प्रत्येक नोंदीशेजारी जागा किती अचूक आहे याचा १ ते ३ असा अंक असतो. ३ असेल तर ठिपका प्रांताच्या मुख्यालयावर टाकलेला असू शकतो. असे ठिपके गाळल्याशिवाय "जिल्हानिहाय" हा शब्द वापरू नका.

आर्थिक वर्षं तर डोकेदुखीच. बांगलादेश आणि पाकिस्तान जुलै ते जून. नेपाळचं श्रावणापासून, म्हणजे जुलैच्या मध्यापासून. श्रीलंकेचा अर्थसंकल्प कॅलेंडर वर्षाचा. म्यानमारने २०१८ मध्ये ऑक्टोबर ते सप्टेंबर केलं आणि २०२२ पासून परत एप्रिल ते मार्च. बंडाच्या आधीच्या आणि नंतरच्या वार्षिक आकड्यांची थेट तुलना म्हणूनच फसवी असते. शक्य तिथे मासिक आकडे घ्या आणि स्वतः बेरीज करा.

आणखी एक: भारताने नोंदवलेली आयात आणि समोरच्या देशाने नोंदवलेली निर्यात कधीच जुळत नाही. आयातीत भाडं आणि विमा धरलेला असतो, निर्यातीत नसतो. पाच-दहा टक्के फरक असेल तर त्यात बातमी नाही. चाळीस टक्के असेल तर आहे: कमी बिलिंग, तिसऱ्या देशातून फिरवलेला माल किंवा तस्करी.

आता नकाशा. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकाच. पण त्यात लोक नॅचरल अर्थ या फुकट नकाशासाठ्यातले सीमांचे थर डोळे झाकून टाकतात. मूळ थरात ताब्याप्रमाणे सीमा दाखवल्या आहेत, म्हणजे जम्मू-काश्मीर नियंत्रण रेषेवर कापलेलं आणि अक्साई चीन बाहेर. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नॅचरल अर्थमध्ये भारताच्या भूमिकेप्रमाणे केलेला वेगळा थर मिळतो. तोही सर्वे ऑफ इंडियाच्या बाह्यरेषेवर ठेवून तपासा. भारतातल्या कोणत्याही संस्थेत नमुना पाठवताना चुकीचा नकाशा असेल तर पुढचं कुणी वाचतही नाही, आणि ते बरोबरच आहे.

---

अक्षांश

एवढं आकडे-आकडे करून काय होणार? प्रत्यक्ष सीमेवर गेल्याशिवाय संघर्ष कळत नाही. एसी खोलीतले विश्लेषक.

---

नकाशेवाला

@अक्षांश, जावं ना. पण विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी नाही. मिझोराममध्ये बाहेरच्या भारतीयाला इनर लाइन परमिट लागतं, चांफाईच्या पुढे म्यानमार सीमेवरच्या झोखावथारला पोचेपर्यंत दोन दिवस जातात आणि भाषा, ओळखी नसतील तर चहाच्या टपरीवर ऐकलेलं तेवढं हाती लागतं. ज्याच्याशी बोललो त्याच्या सुरक्षिततेचं काय, नाव कुठे लिहायचं, वही कुणाच्या हाती पडली तर काय, हे आधी शिकावं लागतं. त्याआधी चेन्नई किंवा न्हावाशेवाच्या क्लिअरिंग एजंटशी फोनवर अर्धा तास बोललं तर जास्त कळतं.

---

चाकण फेज २

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. पुण्यात पोट भरतं का? थिंक टँकच्या भरवशावर नाही.

पुण्यात पाषाणला पुणे इंटरनॅशनल सेंटर आहे, परराष्ट्र मंत्रालयाबरोबर ते एशिया इकॉनॉमिक डायलॉग भरवतात. सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्ट्रॅटेजिक स्टडीज आहे. दोन्हीकडे जावं, ऐकावं, प्रश्न विचारावा. पण पूर्ण वेळ पगारी जागा मोजक्याच. मुंबईत गेटवे हाउस, ओआरएफचं केंद्र, हे दोन थिंक टँक. बाकी मनोहर पर्रीकर आयडीएसए ही संरक्षण अभ्यासाची संस्था धरून सगळा कारभार दिल्लीत.

पुण्यात जागा आहेत त्या कंपन्यांत, आणि तिथे पदाचं नाव "राजकीय विश्लेषक" नसतं. शोधताना सप्लाय चेन रिस्क, जिओपॉलिटिकल रिस्क, सिक्युरिटी इंटेलिजन्स, कंट्री रिस्क असे शब्द टाका.

एक प्रकार सुरक्षा नियंत्रण कक्षाचा. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कर्मचारी जगभर फिरत असतात, त्यांच्यासाठी चोवीस तास लक्ष ठेवणारी टीम असते. तीन पाळ्या, रात्रपाळी चुकत नाही. काम म्हणजे इशारा लिहिणं: काय घडलं, नेमकं कुठे, किती वाजता (तिथल्या वेळेनुसार), कुणी सांगितलं, आपल्या कोणत्या ऑफिसवर किंवा प्रवाशावर परिणाम, आता काय करायचं. शंभर ते दीडशे शब्द, अर्ध्या तासाच्या आत. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाका सोडून गेल्या, तेव्हा असल्या कक्षातल्या माणसाला त्यामागचा इतिहास लिहायचा नव्हता. विमानतळ चालू आहे का आणि हॉटेलातून बाहेर पडायचं की नाही, एवढंच सांगायचं होतं. हे काम दोन वर्षं करावं. जास्त केलं तर लांब विचार करायची सवय मोडते, हे माझं मत.

दुसरा प्रकार खरेदी विभागात, आणि पुण्याला खास लागू. चाकण-रांजणगाव-पिंपरी पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनतात, त्यांचा कच्चा माल कुठून येतो हे बघणारी माणसं कमी पडतात. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटरमधल्या चुंबकातलं मुख्य दुर्मिळ मूलद्रव्य निओडिमियम, ते त्या यादीत नव्हतंच. त्यामुळे पहिल्या दिवशी अनेकांना वाटलं आपलं काही अडत नाही. पण मोटर तापली तरी चुंबकत्व टिकावं म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात आणि ती दोन्ही यादीत होती. ज्याने अधिसूचना मुळात वाचली आणि मग प्लांटमधल्या मेटलर्जीवाल्याला फोन केला त्याला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. बाकीचे परवान्यासाठी अंतिम वापराचा दाखला गोळा करायला उशिरा लागले. चुंबकांचा कोड ८५०५११, महिन्याची आयात बघत बसा.

तिसरा प्रकार बँका, जहाज विमा, कमोडिटी दलाली. ते मुंबईत. डेक्कन क्वीनचा पास काढायची तयारी असेल तर तेही होतं. तिथे नोव्हेंबर २०२३ पासूनचं लाल समुद्राचं प्रकरण पाठ असायला हवं: येमेनच्या हौथी बंडखोरांनी जहाज पळवल्यावर कंटेनर जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, फेरी दहा-चौदा दिवसांनी लांबली, आणि नाशिकच्या द्राक्षांचा युरोपातला टिकण्याचा काळ तेवढाच कमी झाला. मुलाखतीत युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता कशावर लावतात हे विचारतात. जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत, त्या एका फेरीपुरता.

अवजारं: एक्सेल खरोखर येणं (पिव्होट, एक्सलुकअप, तारखा न बिघडवता आयात करणं), मग आर किंवा पायथन यांतलं एक. दोन्हींच्या मागे धावू नका.

---

अनघड

खूप आभार सगळ्यांचे. @भुसार, ३० टक्के हा आकडा आणला कुठून? हे अंदाजपंचेच झालं ना? त्यापेक्षा "शक्यता नाकारता येत नाही" लिहिलं तर सुरक्षित नाही का?

---

भुसार

सुरक्षित आहे, म्हणूनच निरुपयोगी. "शक्यता नाकारता येत नाही" हे वाक्य काहीही घडलं तरी खरंच ठरतं.

आकडा असा आणायचा. आधी लढाई विसरा. गेल्या दहा वर्षांत मार्चअखेरचा भाव डिसेंबरअखेरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर किती वेळा होता? समजा दोनदा. तर सुरुवात २० टक्क्यांपासून. मग या वर्षी काय वेगळं आहे ते मांडा. सक्तीचा डॉलर हिस्सा वाढवायच्या हालचाली असतील तर थोडं वर, ब्राझीलचा माल वाटेत असेल तर थोडं खाली. २० चे ३० होऊ शकतात. ८० व्हायला मात्र काहीतरी जबरदस्त कारण दाखवावं लागेल.

मग नोंदवही. एक्सेलमध्ये सात रकाने: तारीख, विधान, टक्के, मुदत, निकाल कोणत्या आकड्यावर ठरेल, निकाल, गुण. पाचवा रकाना आधीच भरायचा, नाहीतर नंतर आपल्याला सोयीचा भाव शोधला जातो. गुण म्हणजे ब्रायर स्कोअर: घडलं तर १, नाही तर ०, त्यातून तुमची शक्यता वजा करून वर्ग. ७० टक्के म्हणालात आणि घडलं तर ०.०९, नाही घडलं तर ०.४९. कायम ५० टक्के म्हणणाऱ्याला प्रत्येक वेळी ०.२५ पडतात. वीस-तीस अंदाजांची सरासरी ०.२५ च्या खाली नसेल तर नाणं उडवलेलं बरं. नोंदवही मुलाखतीला घेऊन जा, चुकलेल्या ओळींसकट. पुसलेली वही लगेच ओळखू येते.

---

अनघड

ठरलं. उडीद भुसारांनी सोडवूनच दिलाय, म्हणून मी कांदा आणि बांगलादेश घेते. हसीना गेल्यावर आपल्या कांद्याच्या निर्यातीचं काय झालं. काही आधीच माहीत असावं असं?

---

भुसार

विषय चांगला आहे, पण ऑगस्ट २०२४ ला उभी रेघ मारून आधी-नंतर तुलना केलीत तर सगळं चुकेल. कारण त्याच काळात आपलं निर्यात धोरण चार-पाच वेळा बदललंय आणि त्या प्रत्येक बदलाची उडी ढाक्यातल्या सत्तांतराच्या नावावर जमा होईल. या रेघा आधी आलेखावर मारा: ऑगस्ट २०२३, ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबर २०२३ अखेर, टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्त निर्यात चालत नाही). ८ डिसेंबर २०२३, बंदी. ४ मे २०२४, बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४, किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५, शुल्क शून्य.

बंदीच्या महिन्यांतही निर्यात शून्य दिसणार नाही. सरकार-ते-सरकार कोट्यातून सहकारी निर्यात कंपनीमार्फत बांगलादेशला ५०,००० टनांची परवानगी होती. त्या नोंदी चूक समजून गाळू नका.

तिकडची बाजू: बांगलादेशात त्यांचा स्वतःचा कांदा बाजारात आला की शेतकऱ्यासाठी तेच आयात परवाने देणं थांबवतात. हे हसीनांच्या काळातही व्हायचं. त्यामुळे २०२५ च्या उन्हाळ्यात आकडा पडलेला दिसला तर आधी २०२१, २०२२ चे तेच महिने काढून बघा.

कॉमट्रेडचा ०७०३१० घेतलात तर त्यात शॅलट्स (छोटे कांदे) ही धरलेले असतात, आठ अंकी कोड घ्या. आणि लासलगावचा भाव लावताना उन्हाळ आणि लाल कांदा वेगळे ठेवा. उन्हाळ चाळीत टिकतो, लाल टिकत नाही, त्यामुळे सीमा चार दिवस बंद राहिली तर दोघांवरचा परिणाम सारखा नसतो. पहिला मसुदा झाला की याच धाग्यावर टाका, पानं दोनच.